टारमॅक एसएल ८ की एथॉस? परवापर्यंत ठरवायचंय

चढाईखोर: दोन आठवडे डोकं पिकलंय. दोन्ही स्पेशलाइज्डच्या कार्बन फ्रेमच्या रोड सायकली, दोन्ही एस-वर्क्स (त्यांचं सगळ्यात वरचं मॉडेल). टारमॅकची फ्रेम ६८५ ग्रॅम, एथॉसची (२०२० वाली) ५८५. शंभर ग्रॅमसाठी टारमॅकचं एअरो (हवा कापणारा आकार) सोडावं का? "दोन्ही छान आहेत" असलं उत्तर कृपया नको.

चेनवंगण: वजन? उंची? रेस करता की रविवारी फिरता? काहीच लिहिलं नाहीये.

चढाईखोर: रेस नाही. चढ भरपूर. वजन ७०. फ्रेमची साइझ ५४.

पेडलपंडित: मग गणित करा. तुम्ही, सायकल, बाटल्या धरून ८० किलो. अख्खा किलो कमी केलात तरी सव्वा टक्का, म्हणजे तासाभराच्या चढाला फार तर ४५ सेकंद. तुमच्या शंभर ग्रॅमचे साडेचार. वर पोचून बाटलीचं तोंड उघडायला तेवढे लागतात. टारमॅक घ्या.

६.८वाला: यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना) रेसला ६.८ किलोच्या खालची सायकल चालतच नाही. २००० पासूनचा नियम आहे.

चेनवंगण: अहो, ते रेस करत नाहीत म्हणाले ना.

६.८वाला: माहिती असावी म्हणून.

लोखंडीघोडा: कार्बनच्या नादी लागूच नका. माझी स्टीलची १९ वर्षं झाली, दोनदा पडलो, सायकलला ओरखडाही नाही.

पेडलपंडित: आणि तुम्हाला?

लोखंडीघोडा: मनगट. पण ते वेगळं.

चेनवंगण: मूळ मुद्दा हँडलचा आहे. एस-वर्क्स टारमॅकला हँडल आणि स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा आडवा तुकडा) एकसंध येतं, ब्रेकच्या नळ्या आतून. स्टेम सेंटीमीटरभर आखूड करायची झाली तरी अख्खं हँडल बदला. या एथॉसला साधी स्टेम, थोडेच बोल्ट, दहा मिनिटं. मान-पाठ दुखते का?

चढाईखोर: हो, ते लिहायचं राहिलं. तासाभराने उजव्या खांद्यात कळ येते. आत्ताच्या सायकलवर स्टेमखाली चार स्पेसर (हँडल उंच करणाऱ्या चकत्या) आहेत.

चेनवंगण: हे पहिल्या ओळीत हवं होतं!! ५४ ला दोन्हींचा स्टॅक (फ्रेमची पुढची उंची) ५४४ मिमीच आहे. एथॉस घेतलीत म्हणून हँडल आपोआप वर येणार नाही. आधी आत्ताचा स्टॅक मोजा.

पेडलपंडित: किंवा फिटिंग (अंगाच्या मापाने सायकल जुळवणं) करून घ्या, मग टारमॅक.

चढाईखोर: टेप घेऊन बसलोय. कुठून मोजू?

चेनवंगण: बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस जिथे फिरतो) मध्यापासून हेडट्यूबच्या (हँडलखालची फ्रेमची नळी) वरच्या कडेपर्यंत, सरळ उभ्या रेषेत. स्पेसर धरू नका, ते वेगळे मोजा.