आर्ट स्कूल न करता पुतळे करणारे कोणी आहेत का? शाहू महाराजांचा चेहरा जुळत नाहीये

मातीचे_हात
नमस्कार मंडळी. गणपतीच्या कारखान्यात बारा वर्षं काढलीत, आर्ट स्कूल वगैरे काही नाही, जे आलं ते बघून बघून आलं. आता गावातल्या वाचनालयासाठी राजर्षी शाहू महाराजांचा बस्ट (छातीपर्यंतचा पुतळा) करतोय, शाडूत, दोन फुटी. समोरून बघितलं की महाराज वाटतात पण जरा बाजूला सरकलं की कोणीतरी दुसराच माणूस, आणि माझ्याकडचे फोटो जवळपास सगळे समोरूनच काढलेले. तीनदा नाक मोडून परत केलं, मिशी बदलली, काही फरक नाही. त्यात एक जण बोलून गेला की डिग्रीवाल्याला द्यायचं होतं हे काम, ते डोक्यातून जातच नाही. आपल्यासारख्यानं मोठ्या माणसांना हात घालूच नये का?

करवीरकर
भावा कोल्हापुरात येऊन शिवाजी चौकात उभा राहा एकदा. तिथं आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता, बेचाळीसच्या चळवळीत लोकांनी त्याची नासधूस केली आणि १९४५ ला त्याच जागी शिवाजी महाराज उभे राहिले, सिनेमावाल्या भालजी पेंढारकरांचा पुढाकार आणि घडवणारा हात बाबूराव पेंटर यांचा. हे बाबूराव कुठल्या आर्ट स्कूलला गेले होते? मूळ आडनाव मेस्त्री, घरात सुतारकाम, पटाशी आणि रंधा बघत वाढलेला माणूस. नात्यातले भाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटकांचे पडदे रंगवायचे, त्यावरून 'पेंटर' हेच नाव पडलं. पुढं सिनेमाचा कॅमेरासुद्धा खटपट करून इथंच बनवला. पडदे रंगवताना आणि सिनेमा करताना उजेड-सावली किती बघून झाली असेल त्यांची, मला तर वाटतं पुतळ्यात तेच कामी आलं. शिक्षण झालं नव्हतं असं कसं म्हणायचं, फक्त सर्टिफिकेट नव्हतं.

ओतकामवाला
करवीरकरांनी उजेडाचं काढलंच आहे तर तिथूनच बोलतो. नाकाला हात लावू नका आता. चेहरा बाजूनं बिघडतो तेव्हा चूक बहुतेक वेळा कवटीत असते, कान किती मागं आहे, जबडा कुठं वळतो, कपाळाचा उतार किती. गणपती करणाऱ्यांची सवय समोरून बघायची असते, कारण मूर्ती मखरात बसते आणि लोक समोरूनच बघतात. बस्टला मात्र लोक प्रदक्षिणा घालतात! फेटाही तसाच, तुम्ही थेट फेटा चढवला असणार. आधी टाळू पूर्ण करा, मग त्यावर फेटा बांधा, नाहीतर तो डोक्याला चिकटवल्यासारखा दिसतो.

रात्री खोलीतले दिवे बंद करून एकच बल्ब एका बाजूला धरा आणि स्टँड हळूहळू फिरवा. गालाच्या हाडाखालची सावली फोटोतल्या सावलीसारखी पडते का बघा. समोरून काढलेल्या फोटोत बाजूची माहिती नसते असं नाही, ती सावलीत असते. आणि जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात, त्यामुळं कॅलिपरनं (माप घ्यायच्या चिमट्यानं) फोटोवरचं माप जसंच्या तसं उचलू नका. बस्ट ज्या उंचीवर बसणार तेवढा वर ठेवून खालून पण बघा, हनुवटी एकदम जड दिसायला लागते.

शाडू आतल्या सळईवर सुकला की आक्रसतो आणि तडकतो, तेव्हा ओला असतानाच प्लास्टरचा साचा काढून घ्या, रोज रात्री ओलं फडकं आणि वर प्लास्टिक.

वसईचा_वाचक
आमच्या वसईचे रघुनाथ कृष्ण फडके विसरू नका, तेही स्वतःच शिकलेले. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. टिळकांना १९२० मध्ये चौपाटीवरच अग्नी दिला होता, आणि ज्या मुंबईकरांनी त्यांना सभेत प्रत्यक्ष बघितलं, ऐकलं त्यांच्यासमोर त्यांचाच चेहरा उभा करायचा होता. शिवाजी महाराजांना बघितलेलं कोणी हयात नसतं, इथं मात्र चुकलं की लोक लगेच सांगणार हे टिळक नव्हेत. ते धाडस मला फार मोठं वाटतं. पुढं ते धारला राहिले, १९६१ ला पद्मश्री मिळाली.

मातीचे_हात
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री बल्ब लावून बघितलं, ओतकामवाले दादा म्हणाले तेच निघालं, उजवा कान जवळजवळ पाऊण इंच पुढं होता आणि टाळू चपटी. फेटा सगळा उतरवला, वाईट वाटलं पण उतरवला. आता नुसतं डोकं आहे आणि गंमत म्हणजे फेटा नसतानाही बाजूनं महाराज ओळखू यायला लागलेत. एक विचारायचं राहिलं, कमिटी आता म्हणतेय की आत नको, बाहेर चौकात बसवू.

ओतकामवाला
मग थांबा जरा. सार्वजनिक जागेत पुतळा बसवायचा तर प्रशासनाची परवानगी लागते आणि क्ले मॉडेलला (मातीच्या नमुन्याला) कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. कमिटीला आधी कलेक्टर ऑफिसात चौकशी करायला सांगा, आणि तोपर्यंत माती ओली ठेवा. संचालनालयाचे लोक बदल सुचवतील, तेव्हा साचा काढायची घाई करू नका, आधी तसं बोललो होतो पण आता नको.