उघड्यावर मांडून हाताचं काम विकता का? तुमचे अनुभव सांगा

दारव्ह्याकडून, वाकळीवाली
नमस्कार ताई-दादांनो. आमच्या बचत गटाच्या वाकळी घेऊन फेब्रुवारीत तालुक्याच्या मैदानात तीन दिवस बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ आलं, वारं सुटलं, मंडपाचं कापड फाटलं आणि गारा थेट मालावर. 11 वाकळी चिंब! जुन्या लाल लुगड्याचा रंग खालच्या पांढऱ्या धोतरात उतरला, टाक्याटाक्यातून गुलाबी पाणी निघत होतं आणि आम्ही दोघी दोन टोकं धरून रात्री दहापर्यंत पिळत होतो. एका वाकळीला महिना जातो हो. जागेचं भाडं काही परत मिळालं नाही. तुम्ही कसं निभावता?

बुरूडकाम, चंद्रपूर जिल्हा
आमचं उलटं आहे ताई, आम्हाले ऊन मारते. चैत्रात महाकालीच्या जत्रेत सुपं-टोपल्या नेतो. ओल्या बांबूचं काम असलं की दुपारी कामट्या आकसतात, वीण सैल पडते. बाई सूप हातात घेते, पाखडल्यासारखं हलवून पाहते आन् ढिलं लागलं की ठेवून देते, संपलं. म्हणून मी ओलं बारदान टाकतो अन् वरून पाणी शिंपडत राहतो. त्याहून मोठा ताप वाटेतला. 2017 मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला, तरी विणलेल्या टोपल्यांची गाडी अडवून बांबू कुठला म्हणून विचारतात, एकदा सकाळचं अर्धं गिऱ्हाईक तिथंच गेलं.

परतवाड्याकडून, कुंभार
बहिरमच्या जत्रेले 20 डिसेंबरपासून महिनाभर बसतो आमी. तिथं मटण हंडीतच शिजते, म्हणून खप आहे, खोटं कायले बोलू. पण गाडीत कुटार कितीही भरा, खड्ड्यानं पाच-सात हंड्या जातातच. दिसत नाही ती बारीक चीर सगळ्यात वाईट. गिऱ्हाईक टिचकी मारते, खणखणीत आवाज आला तर घेते, भद्द आला तर बाजूची हंडी पण घेत नाही. आता मी सकाळी एकेक वाजवून पाहतो, चिरलेली मांडतच नाही. अन् थंडी! रात्री मालाजवळच झोपा लागते, डिसेंबरात उघड्यावर. ताई, तुमची एक वाकय मले लागनच.

मोहाडी, कोसा विणकर
घडी घालून उन्हात ठेवू नका, कोणतंही कापड असो. दोन दिवसांत घडीच्या रेषेवर रंग उडतो, साडी उघडली की पांढुरकी पट्टी दिसते. माझी मरून साडी अशीच गेली, आठ दिवसांची मेहनत. आता दर दोन तासांनी घडी बदलतो. भाव पटावा म्हणून सोबत रेशमाचा कोष ठेवतो, ऐनाच्या झाडावरची अळी हे विणते, धागा असा निघतो, हे हातात देऊन दाखवलं की "एवढं महाग?" म्हणणारे कमी होतात.

चिखलदऱ्याहून
रेंज नाही, क्यूआर कोड नुसता शोभेला. सुटे पैसे ठेवा, पाचशेची नोट घेऊन येतात सगळे.

दारव्ह्याकडून, वाकळीवाली
दादा, तुमची वाकळ बाजूला काढून ठेवते, पण ती कोरडी राहिलेल्यांपैकी. भिजलेल्या दहा धुऊन अर्ध्या भावात गेल्या. एक मात्र विकली नाही. गुलाबी झालेली, माझी लेक पांघरते.