खासदार गावात दिसावा की सभागृहात?

बांधावरून:
ग्रामीण खासदाराची कारकीर्द लग्नं आणि दहाव्यांच्या हजेरीवर मोजली जाते, हे मला अजिबात पटत नाही. गटार, डीपी, फेरफार ही कामं ग्रामपंचायत, महावितरण आणि तलाठ्याची. निर्यात मात्र केंद्राच्या हातात. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. बाजार समितीतला भाव दिल्लीच्या एका अधिसूचनेने पडतो. तिथे खासदाराने नाही बोलायचं तर कोणी?

वाडीवस्ती:
बोलून होतं काय? पक्षाने व्हिप, म्हणजे मत कुठे द्यायचं याचा आदेश, काढला की विरोधात मत देणाऱ्याची खासदारकी धोक्यात, १९८५ पासून हेच आहे. १९७० नंतर मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. घरकुलाचा हप्ता अडकलेल्या माणसाला ‘हा माझा विषय नाही’ म्हणणारा खासदार पुन्हा निवडून येऊ नये.

बांधावरून:
व्हिप मतदानाला असतो, प्रश्नाला नाही. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, मग सोडत. लोकसभेत दिवसाला २० तारांकित, त्यातले मोजकेच तासाभरात तोंडी होतात आणि पुरवणी प्रश्न विचारायची संधी तेवढ्यांनाच. उरलेल्यांना लेखी उत्तर. बहुतेक जण चुकतात ते शब्दांत. ‘कांदा उत्पादकांसाठी सरकार काय करते?’ असं विचारलं की योजनांची यादी हातात पडते. ‘सरकारसाठी कांदा खरेदी करणाऱ्या नाफेडने कोणत्या महिन्यात, कोणत्या जिल्ह्यातून, किती टन, काय भावाने घेतला?’ असं विचारा, मग खात्याला आकड्यांवर यावंच लागतं.

अंदाजपत्रक:
खासदार निधीचा हिशोबही मांडा. वर्षाला ५ कोटी, विधानसभा मतदारसंघ सहा, म्हणजे प्रत्येकी साधारण ८३ लाख. हजार गावं धरली तर गावाला ५० हजार. तेही खासदार फक्त शिफारस करतो, मंजुरी जिल्हा प्रशासनाची. पत्र गेलं की अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. सभामंडपाची जागा सातबाऱ्यावर खासगी नावाने निघाली की फाइल तिथेच थांबते. आचारसंहिता लागली तर काम सुरू न झालेलं सगळंच थांबतं. पत्र देण्याआधी उतारा बघितला तर यातली निम्मी डोकेदुखी टळते.

वाडीवस्ती:
म्हणूनच मी निधीचं नाव घेतलं नाही. केंद्राच्या योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्ह्याच्या ‘दिशा’ समितीचा अध्यक्ष खासदार असतो, बैठक दर तिमाहीला अपेक्षित. घरकुल, ग्रामसडक, रोजगार हमी सगळं तिच्यापुढे येतं. तालुकानिहाय अडकलेल्या हप्त्यांची यादी आधी मागवली आणि मागच्या इतिवृत्तातला एकेक मुद्दा गटविकास अधिकाऱ्याला विचारला, तर कामं हलतात. यादी न मागवता बसलात तर चहा-बिस्किटावर बैठक संपते. हे काम दिल्लीत बसून होत नाही.

बांधावरून:
हे मान्य. पण अधिवेशनं वर्षातून साधारण तीन, मधले महिने मोकळे. ‘दिशा’च्या नावाखाली सभागृह बुडवायला माझा विरोध कायम आहे.

वाडीवस्ती:
आणि सभागृहातल्या हजेरीचे आकडे दाखवून तिमाही बैठक टाळायला माझा.