प्रतिसाद: वॅटचा आकडा आणि चार्जरची घरघर

डीजेसाठी कंट्रोलर (लॅपटॉपवरची गाणी मिक्स करायचं यंत्र) साधा चालेल पण स्पीकर दोन हजार वॅटचेच घ्या, असं वर कुणीतरी लिहिलंय. पहिल्या अर्ध्याशी सहमत. दुसरं जरा तपासून घ्या. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुतेकदा पीकचा, म्हणजे क्षणभरच मिळणाऱ्या ताकदीचा असतो, सलग मिळणारी ताकद त्याच्या निम्मी किंवा आणखी कमी. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की मात्र 6 डेसिबल जातात. म्हणून कमाल एसपीएल, म्हणजे स्पीकर जास्तीत जास्त किती डेसिबल आवाज देतो ते बघा, आणि स्टँडमध्ये काटकसर नको. हॉर्न (स्पीकरमधला उंच स्वर काढणारा भाग) लोकांच्या डोक्याच्या वर नसेल तर पुढची रांगच सगळा ट्रेबल खाऊन टाकते.

आणखी एक, जे इथे अजून कुणी काढलेलं नाही: लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून येणारी घरघर. चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर तो बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगला दोन वाटा मिळाल्याने ऑडिओ केबलमध्ये शिरणारा नको तो प्रवाह, स्पीकर बदलून काही होत नाही. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरना फक्त आरसीए आउटपुट असतं, ते अनबॅलन्स्ड, म्हणजे केबलमध्ये शिरलेली घरघर त्यात रद्द होत नाही, त्यामुळे लांब केबल टाकली की त्रास वाढतो. एक्सएलआर किंवा बॅलन्स्ड टीआरएस आउटपुट (यांत ती घरघर बरीचशी रद्द होते) असलेला कंट्रोलर मिळाला तर तोच घ्या, इफेक्टची बटणं कमी असली तरी चालतील. नाहीतर ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर, म्हणजे केबलच्या मधे लावून तो लूप तोडणारी डबी. माझ्या केबलच्या पिशवीत तो कायम असतो. कंट्रोलर आणि स्पीकर एकाच सर्किटवर घेतले तरी बराच फरक पडतो. काही जण अर्थिंगची पिन काढून टाकतात, ते मात्र अजिबात करू नका, शॉक बसू शकतो.