मदत हवी आहे : कॉर्निया आणि कॉन्टॅक्ट लेन्सच्या रेसिडेन्सीसाठी पसंतीक्रम कसा लावू?

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेतले ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून चष्मा-लेन्स देणारे) आहेत आणि भारतात केराटोकोनसच्या (कॉर्निया, म्हणजे बुबुळ, शंकूसारखं पुढे येण्याचा आजार) लेन्स बसवणारेही आहेत, म्हणून दोघांनाही विचारते आहे. मी पुण्यात बी.ऑप्टोम. केलं, नंतर नाशिकला एका डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी केली. सध्या बोस्टनमध्ये, परदेशात शिकून आलेल्या ऑप्टोमेट्रिस्टसाठी जो कोर्स असतो त्यातून ओ.डी. (डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री) करते आहे. मे महिन्यात डिग्री मिळेल.

ज्यांना या वाटेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एम.डी.नंतरच्या रेसिडेन्सीसारखी ऑप्टोमेट्रीतली रेसिडेन्सी सक्तीची नसते. ओ.डी. आणि बोर्डाच्या परीक्षा झाल्या की लायसन्स घेऊन लोक सरळ कामाला लागतात. ज्यांना एखाद्या विषयात खोल जायचंय ते एक वर्ष रेसिडेन्सी करतात, साधारण 1 जुलै ते 30 जून. पगार नोकरीपेक्षा बराच कमी. अर्ज 'ओआरमॅच' या जागावाटपाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून जातो, मुलाखती होतात, मग आपण आपला क्रम देतो, ते त्यांचा देतात, आणि मार्चमध्ये जो निकाल लागतो तो दोघांना बांधील असतो. माझ्या मुलाखती संपल्या आहेत. यादी भरायची राहिली आहे आणि तिथेच अडले आहे.

नाशिकला असताना दर काही महिन्यांनी सिलेंडर नंबर वाढलेली, सतत डोळे चोळणारी शाळा-कॉलेजातली मुलं यायची. दोन-तीन दुकानांतून चष्मे बदलून झालेले असायचे. बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे आलं की त्याचा पृष्ठभाग वेडावाकडा होतो, चष्म्याची काच तो भरून काढू शकत नाही. क्रॉसलिंकिंगने (थेंब आणि अतिनील प्रकाशाने बुबुळ घट्ट करण्याचा उपचार) आजार पुढे सरकायचा थांबतो, पण गेलेली नजर त्याने परत येत नाही, ती लेन्सनेच येते. सेमीसॉफ्ट (हवा आत जाऊ देणारी कडक) लेन्स घालून पहिल्यांदा खालची ओळ वाचणारा मुलगा समोर बसलेला असताना मला कळलं की मला आयुष्यभर हेच काम करायचं आहे. आणि ज्याला ती लेन्स टोचायची, टिकायची नाही, त्याला द्यायला आमच्याकडे दुसरं काही नसायचं. स्क्लेरल लेन्स हे त्याचं उत्तर आहे. ती बुबुळाला टेकतच नाही, पांढऱ्या भागावर बसते आणि मधली जागा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाईनने भरलेली असते.

आता अडचण. माझ्या यादीतल्या जागा दोन प्रकारच्या आहेत. काही कॉलेजांच्या क्लिनिकमधल्या. तिथे लेन्सचं फिटिंग भरपूर, ऑर्थो-के (रात्री घालून झोपायच्या, नंबर तात्पुरता कमी करणाऱ्या लेन्स) आणि मुलांच्या मायोपियाचंही (लांबचं धूसर दिसणं) काम, शिवाय विद्यार्थ्यांना लॅबमध्ये शिकवायचं. इतर मोठ्या रेफरल सेंटरमधल्या. तिथे कॉर्निया सर्जनबरोबर बसायचं: ग्राफ्ट (बुबुळाचं रोपण) झालेले, स्टीव्हन्स-जॉन्सन (बहुधा औषधाच्या तीव्र रिअॅक्शनने होणारा, डोळ्याचा पृष्ठभाग खराब करणारा आजार) झालेले, संवेदना गेलेले कॉर्निया, जंतुसंसर्ग. फिटिंग कमी, पण आजार कळतो.

मला दोन्हीची गरज दिसते. ग्राफ्टच्या डोळ्यावर एंडोथेलियमच्या (बुबुळाचा सगळ्यात आतला थर) पेशी कमी उरल्या असतील तर उत्तम बसलेली स्क्लेरलसुद्धा प्राणवायू अडवून सूज आणू शकते. तिथे लेन्स द्यायचीच नाही, हे ओळखता आलं पाहिजे. पण हात बसला नसेल तर नुसतं ओळखून काय करू?

आणखी एक. काही ठिकाणी डोळ्याच्या पृष्ठभागाचं स्कॅन करून त्यावरून लेन्स बनवतात. बघायला फार छान वाटतं. पण मला परत यायचं आहे. महाराष्ट्रात ट्रायल सेट, स्लिट लॅम्प (डोळा तपासायचा सूक्ष्मदर्शक) आणि फ्लुरोसिनची (चमकणारा रंग) पट्टी यांवरच काम करावं लागेल असं धरून चालले आहे. तेव्हा विचारायचं हे की पहिला क्रम कशाला देऊ, आणि जिथे निवड होण्याची शक्यता जास्त वाटते ती जागा वर ठेवू का? भारतात परतलेल्यांनी तिथला अनुभवही लिहावा.

प्रतिसाद (टेक्सास)

क्रमाचं आधी सांगतो. शक्यता वगैरे बघू नका. मनापासून जी हवी ती पहिली लिहा. या पद्धतीत वरच्या ठिकाणी नाही जमलं तरी खालच्या पसंतीचं नुकसान होत नाही. जिथे जायचंच नाही ती जागा मात्र यादीत नको, कारण लागली तर जावं लागेल.

प्रकारापेक्षा दिवस कसा जातो ते विचारा. सध्याच्या रेसिडेंटला फोन करा, मुलाखत घेणाऱ्याला नाही. पहिली लेन्स ठरवताना निर्णय कोण घेतं? तोच पेशंट पुढच्या भेटीला तुमच्याकडेच येतो का? स्क्लेरल शिकायची तर हा दुसरा प्रश्न सगळ्यात मोठा. घालताना मध्यभागी 200-300 मायक्रॉन अंतर ठेवलेली लेन्स काही तासांत खाली बसते. दुपारी आत धुरकट का होतं, कडेला रक्तवाहिन्या कुठे दबतात, लिंबसवर (बुबुळ आणि पांढऱ्या भागाची सीमा) टेकते का, हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत दिसतं. पहिलं फिटिंग करून पेशंट दुसऱ्याच्या हवाली करणारा रेसिडेंट अर्धंच शिकतो. माझं मत कॉलेज क्लिनिकच्या बाजूने आहे, पण तिथे आठवड्यातून एखादा दिवस कॉर्निया सर्जनकडे असेल तरच.

व्हिसाकडेही लक्ष द्या. ओपीटी (विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर मिळणारी कामाची परवानगी) 12 महिन्यांचं आणि रेसिडेन्सीही 12 महिन्यांची. कोर्स संपल्यापासून 60 दिवसांच्या आत ओपीटी सुरू व्हावं लागतं. सुरुवातीची तारीख मे महिन्यात टाकलीत तर पुढच्या जूनमध्ये रेसिडेन्सी संपायच्या आधीच ते संपेल. 1 जुलै त्या 60 दिवसांत बसतोय का, ते आजच मोजा.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

ताई, परत यायचं नक्की असेल तर हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय डोळ्यांसमोर ठेवा. बोस्टनच्या प्रोज लेन्सचं (स्क्लेरलसारखीच, प्रत्येक डोळ्यासाठी खास बनवलेली) काम दोन्हीकडे झालेलं आहे आणि स्टीव्हन्स-जॉन्सनचे पेशंट तिथे खूप दिसतात. आजार तिथे येऊन शिकता येईल. तिकडे असेपर्यंत फिटिंगवर हात बसवून घ्या.

ट्रायल सेटचा तुमचा अंदाज माझ्यापुरता बरोबर आहे. पण इथे खरा वेळ जातो तो लेन्स घालायला शिकवण्यात. बुडबुडा न येता लेन्स भरून घालणं, सक्शनने काढणं, नळाचं पाणी अजिबात लावायचं नाही हे पटवणं. शेतावरून आलेल्या मुलाला आणि त्याच्या आईला समोर बसवून मी हे स्वतः करून घेते. तुमच्या रेसिडेन्सीत हे काम टेक्निशियनकडे असेल तर मागून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ओपीटीच्या तारखेसाठी उद्याच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाते. कॉलेज क्लिनिकची जी जागा मनात होती, तिथल्या रेसिडेंटला मेल टाकली आहे, पुढच्या भेटींचं आणि सर्जनकडच्या दिवसाचं दोन्ही विचारलं आहे. हैदराबाद किंवा चेन्नईला लेन्सची फेलोशिप केलेलं आणखी कुणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ओ.डी. झालेल्यांना तिथे कमी मुदतीसाठी घेतात का, एवढंच विचारायचं आहे.