मदत हवी आहे: ऑन-कॉलची नोकरी, आईचं दुखणं आणि घर

नमस्कार मंडळी,

लिहू की नको करत बरेच दिवस गेले. आता लिहितेच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी प्रॉडक्शन सपोर्टमध्ये (चालू सॉफ्टवेअर सिस्टिम सांभाळण्याचं काम) टीम लीड आहे. ऑन-कॉलची पाळी, म्हणजे बिघाड झाला की केव्हाही फोन उचलायची जबाबदारी, आठवड्याआठवड्याने फिरते. एक जण सोडून गेला, त्याच्या जागी कोणी आलं नाही, त्यामुळे आता आम्ही तिघंच. म्हणजे दर तिसरा आठवडा माझा. पी-वन (सर्वांत तातडीचा बिघाड) आला की १५ मिनिटांत उचलायचा, मग रात्रीचे अडीच का वाजलेले असेनात. पाळी नसली तरी "तुला माहितीये म्हणून विचारतो" असे फोन येतातच.

घरी नवरा, पाचवीतली मुलगी आणि आई. आईला विस्मरणाचा त्रास सुरू झालाय. वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी आणली, पण सोमवारी दुपारीच मंगळवारचा खण रिकामा असतो, आणि ती ठामपणे सांगते की आज गोळी घेतलीच नाही. परवा रात्री मी कॉलवर होते. कानाला हेडफोन, समोर सिस्टिमच्या नोंदी (लॉग), पलीकडे चार माणसं "अपडेट काय?" विचारतायत, आणि मागे दाराची कडी काढल्याचा आवाज. आई बाहेर निघाली होती. कुठे, ते तिलाही सांगता येईना.

नवरा काही करत नाही अशातला भाग नाही. "तू फक्त सांग, मी करतो" म्हणतो आणि करतोही. पण काय सांगायचं, कधी सांगायचं हे लक्षात ठेवणं हेच तर अर्धं काम आहे! दादा दुसऱ्या देशात असतो. पैसे पाठवतो आणि फोनवर सल्ले देतो. (ताजा सल्ला: आईला एकटं सोडू नकोस. बरं.)

मुलगी माझ्याशी बोलायला आली की आधी माझा फोन उचलून उलटा ठेवते. मग बोलायला लागते.

साहेबांकडे विषय काढला तर म्हणाले, "गेल्या आठवड्यात तर एकदाही वाजला नाही ना?" खरंय, वाजला नव्हता. झोपही लागली नव्हती.

विचारायचं असं: ऑन-कॉलमधून काही महिने बाहेर काढा, असं मागितलेलं आहे का कोणी? आमचं अप्रेझल तोंडावर आलंय, म्हणून धाकधूक आहे. दुसरं, ज्यांनी कमी तासांची नोकरी पत्करली, त्यांचं काम खरंच कमी झालं की नुसता पगार? आणि घरातलं एखादं काम डोक्यासकट दुसऱ्याच्या हवाली कसं करायचं?

पहाटे पाचला उठा, ध्यान करा, हे कृपया नको. पहाटे पाचला मी जागीच असते.

रातकिडा:
वर्षानुवर्षं ऑन-कॉल केलाय, म्हणून लिहितो. साहेबांना थकवा सांगू नका, रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक) दाखवा. गूगलच्या साइट रिलायबिलिटी टीमने (सिस्टिम बंद पडू नयेत हे बघणारी टीम) स्वतःचं गणित जाहीर केलेलं आहे: आठवड्याची पाळी आणि एकाच ठिकाणची टीम असेल तर रोट्यात किमान ८ माणसं हवीत, आणि १२ तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना नकोत. प्रत्येक कंपनीला ८ माणसं परवडत नाहीत हे मान्य, पण तिघांत हा गाडा चालणारच नाही, हे सांगायला एवढा आधार पुरे.

दुसरं म्हणजे अलर्टचा (सिस्टिमकडून आपोआप येणाऱ्या इशाऱ्यांचा) इतिहास काढा. रात्री वाजलेल्यांपैकी किती वेळा तुम्ही खरंच काही केलंत आणि किती वेळा नुसतं ॲक्नॉलेज करून (पाहिलं असं नोंदवून) बघत बसलात, ते वेगळं करा. ज्यावर माणसाने काही करायचंच नसतं, तो अलर्ट सकाळचं तिकीट (सवडीने बघायच्या कामाची नोंद) झाला पाहिजे. आमच्याकडे ही छाटणी केल्यावर रात्री बऱ्याच शांत झाल्या. माणूस एकही वाढला नव्हता.

कागदोपत्री:
"वाजला नाही ना?" यावर. १९८८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी जहाजावरच्या इंजिनिअरांच्या झोपेचा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढून अभ्यास छापला होता. ऑन-कॉलच्या रात्री अलार्म वाजायच्या आधीची झोपसुद्धा उथळ निघाली. वाजेल या धास्तीनेच. तेव्हा न वाजलेली रात्रही ड्यूटीचीच रात्र आहे, हे साहेबांना बिनदिक्कत सांगा.

आणि तास मोजताय का? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त आढळला. घाबरवायला सांगत नाही. पण रात्रीचे कॉल धरून बेरीज करा, कारण ते कोणीच धरत नाही.

उंबरठा:
कमी तासांबद्दल. मी घेतलं. पगार ताबडतोब कमी झाला, काम मात्र तेवढंच राहिलं, शिवाय सुट्टीच्या दिवशी "फक्त दोन मिनिटं"वाले फोन. नंतर बोलणंच बदललं: कुठल्या सिस्टिम माझ्याकडे राहणार, कुठल्या कोणाकडे जाणार, हे नावानिशी ईमेलवर घेतलं. मग फरक पडला. ताई, तास मागू नका, जबाबदाऱ्यांची यादी छोटी करून मागा. मुदतही घाला, तीन महिने वगैरे. मुदत असली की वरच्यांना होकार देणं सोपं जातं.

अप्रेझलचं म्हणाल तर खोटं कशाला सांगू, थोडा परिणाम होतो. माझा झाला. तरी परत तेच करेन.

दुपारचा चहा:
एक जण "हा सरळसरळ बर्नआऊट आहे, आजारच तो" असं लिहून गेले होते (प्रतिसाद उडालेला दिसतोय). आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात बर्नआऊट आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे: गळून जाणं, कामाबद्दल मन उठणं, आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं. हा फरक कामाचा आहे. ऑफिसचं नाव काढलं की जीव नको होतो, पण मुलीशी बोलताना बरं वाटतं, तर ते एक. तिच्याशी बोलतानाही काहीच वाटत नसेल, तर अप्रेझल राहू दे, आधी डॉक्टर.

आता नवरोबा. घरकामाच्या 'डोक्या'वर ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञांचा २०१९ चा शोधनिबंध आहे. काय लागणार याचा अंदाज, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं का ते बघणं, असे चार भाग त्यांनी पाडले. ठरवताना जोडपी बऱ्याचदा एकत्र असतात, पण पहिला आणि शेवटचा भाग बाईच्याच गळ्यात जास्त पडतो. म्हणून "आज गोळी दे" असं सांगू नका. आईची औषधं हा विभागच त्यांचा. संपत कधी येतात, चिठ्ठी कधी बदलली, डबीला कुलूप हवं का, सगळं. पहिले काही दिवस गडबड होईल. तुम्ही मागून तपासायला गेलात की विभाग परत तुमचा झाला म्हणून समजा.

धागालेखिका:
सगळ्यांचे मनापासून आभार. अलर्टचा इतिहास आजच काढायला घेतला. निम्म्याहून जास्त नुसतेच वाजलेले दिसतायत, म्हणजे रातकिडा यांचं बरोबर आहे. साहेबांशी शुक्रवारी वेळ ठरवलीये. तीन महिने रोट्याबाहेर आणि एक सिस्टिम दुसऱ्याकडे, एवढंच मागणार.

दुपारचा चहा, मुलीशी बोलताना बरं वाटतं. विचारलंत, बरं वाटलं.

औषधांचा विभाग नवऱ्याला दिला. "म्हणजे नक्की काय काय?" हा प्रश्न आलाच, पण उत्तर दिलं नाही, चिठ्ठ्यांची फाईल दिली. कडीचं मात्र अजून सुचत नाहीये. आणि दादाकडे लांबून काय देता येईल? विम्याचं देऊ की डॉक्टरांच्या तारखांचं?

उंबरठा:
विम्याचं. ते सगळं फोन आणि ईमेलवर होतं, चिकाटी तेवढी लागते. तारखांचं दिलंत तर तो ठरवणार आणि धावणार तुम्ही. लॉगिन त्याच्या नावावर करून द्या, म्हणजे ओटीपी तुमच्याकडे येणार नाही.

कडीसाठी दाराला लावायचा चुंबकी सेन्सर मिळतो, दार उघडलं की वाजतो. त्याचा आवाज तेवढा नवऱ्याच्या फोनवर ठेवा.