'डिटरन्स'ला मराठीत काय म्हणायचं? जरब, वचक, धाक की आणखी काही?

सांजवारा
आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी एक लेख मराठीत आणतेय. उत्तर कोरियाच्या अणुबॉम्बबद्दल अमेरिकेच्या बाजूच्या देशांमधल्या, म्हणजे दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या साध्या माणसांना काय वाटतं असा विषय आहे. आकडे वगैरे सोपे आहेत, अडलंय ते 'एक्स्टेंडेड डिटरन्स'पाशी, म्हणजे आपल्या बॉम्बच्या भीतीने मित्रदेशांवरचाही हल्ला टाळणं, आणि तो शब्द दर दुसऱ्या परिच्छेदात येतो. पेपरात वाचलं होतं म्हणून 'विस्तारित प्रतिरोध' लिहिलं आणि बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, प्रतिरोध म्हणजे कुणी चालून आलं की त्याला अडवणं, मग अमेरिका तिकडे लढतेय का सध्या? म्हटलं नाही हो, लढाई होऊच नये म्हणून आधीच भीती घालून ठेवायची. तर म्हणाले मग सरळ जरब म्हण की. मला पटलं, पण वाक्य काय झालं बघा: 'अनेकांचा अमेरिकेच्या जरबेवर विश्वास उरलेला नाही.' जरबेवर विश्वास कोण ठेवतं? जरबेला माणूस घाबरतो. काय करू? अंक महिनाअखेर छापायला जातोय.

पाटीपेन्सिल
प्रतिरोधन. 'प्रतिरोध' नाही, 'प्रतिरोधन'. शेवटी न आला की ती क्रिया झाली, आणि तुमच्या वडिलांचा आक्षेप तिथेच मिटतो. जरब हा शब्द अरबीतून आलाय, इतक्या गंभीर विषयात आपल्याकडे संस्कृत धातूंची खाण असताना तो कशाला? 'परावृत्ती' हाही विचार करण्यासारखा आहे, कारण शत्रूला हल्ल्यापासून परावृत्त करणं हाच त्यातला अर्थ. आणि एक विनंती, लेखात 'अण्वास्त्र' लिहू नका. अणु अधिक अस्त्र, अण्वस्त्र. तीस वर्षं फळ्यावर लिहून दाखवलं तरी वर्तमानपत्रं तो काना काढायला तयार नाहीत.

मोडीवाचक
सर, जरब अरबी आहे हे खरंच. मुळात 'ज़र्ब' म्हणजे ठोका, आघात. नाणं ठोकण्यालाही तोच शब्द, उर्दूत गुणाकारालाही तोच. पण मराठीत आल्यावर गंमत अशी झाली की ठोका गेला आणि ठोक्याची भीती तेवढी राहिली. मास्तरांच्या डोळ्यांत जरब आहे म्हणतो तेव्हा मास्तरांनी छडी उचललेलीच नसते. न मारता मार लागू पडणं, डिटरन्स म्हणजे तरी दुसरं काय? इंग्रजी शब्दाच्या पोटातही लॅटिनमधलं 'घाबरवणं'च आहे. परावृत्ती म्हटलं की तो समजावून सांगितल्यासारखा शब्द होतो. फ्रेंच लोक तसं म्हणतात म्हणे, 'दिस्युआझिओं', पण त्यांच्याकडेही बॉम्ब आहेच.

वचक मात्र मला यापेक्षा जवळचा वाटतो. माझी आजी 'वचकून असणं' म्हणायची, 'तो थोरल्याला वचकून असतो'. जरब घालणाऱ्याकडे असते, वचक बसणाऱ्यावर बसतो. कोण कुणाला घाबरतंय ते त्या क्रियापदातच ठरून जातं.

सेंदाईकर
शब्दांतलं मला फार कळत नाही पण जपानमधला एक अनुभव सांगतो. 29 ऑगस्ट 2017, सकाळचे सहा वाजून दोनेक मिनिटं झाली असतील, मी तेव्हा सेंदाईत होतो, बायको आणि चार वर्षांची मुलगी झोपलेल्या, आणि घरातले दोन्ही फोन एकदम किंचाळायला लागले. भूकंपाचा इशारा सवयीचा झालेला असतो, हा आवाज वेगळा होता. उत्तर कोरियाकडून क्षेपणास्त्र सुटलंय, भक्कम इमारतीत किंवा तळघरात जा. आमचं घर लाकडी, तळघर कुठलं. मी मुलीला उचललं आणि नुसता उभा राहिलो, कुठे जायचं तेच कळेना, न्हाणीघरात गेलो शेवटी. ते होक्काइदोवरून जाऊन समुद्रात पडलं. दोनच आठवड्यांनी, 15 सप्टेंबरला, परत तेच. मधे 3 तारखेला त्यांनी सहावी अणुचाचणी केलेली.

तर सांगायचं ते हे की शेजारच्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, मला म्हणाल्या की असा भोंगा मी लहानपणी ऐकलाय. पण 'मग जपानकडेही बॉम्ब हवा' असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही, माझ्या ऑफिसातही फार कुणाच्या आलं नाही. अण्वस्त्रं बाळगणार नाही, बनवणार नाही, आणू देणार नाही ही तीन तत्त्वं तिथे 1967 पासून आहेत आणि ती सोडा असं म्हणणारे आजही थोडेच. जपानीत डिटरन्सला 'योकुशी' म्हणतात, त्यातल्या चित्राक्षरांचा अर्थ दाबणं आणि थांबवणं. भीती त्यात कुठे नाही. भीती ज्यांनी बघितली त्यांनी ती शब्दात घातली नाही असं मला तेव्हा वाटलेलं.

हानगांगकाठ
दादा, कोरियनमध्येही जवळपास तसंच, 'ओक्जे', आवरून धरणं. आणि एक्स्टेंडेड डिटरन्सला 'ह्वाक्जांग ओक्जे'. पण टीव्हीवर हा शब्द, रस्त्यावर नाही. रस्त्यावर 'हेक-उसान' म्हणतात, अणूची छत्री. उसान म्हणजे साधी पावसाळी छत्री, दुकानात मिळते ती.

मी दक्षिण कोरियात, सुवनला सहा वर्षं आहे. इथे वातावरण जपानच्या बरोबर उलटं. शिकागो कौन्सिल या अमेरिकी संस्थेने 2022 च्या सुरुवातीला पाहणी छापली होती, 71 टक्के लोक म्हणाले की आपल्या देशाचा स्वतःचा अणुबॉम्ब असावा. स्वतःचा की अमेरिकेने इथे आणून ठेवलेला, असं विचारलं तर 67 टक्के स्वतःचा आणि 9 टक्के अमेरिकेचा. म्हणजे दुसऱ्याची छत्री नको, आपली हवी. अमेरिकेचे बॉम्ब 1958 पासून 1991 पर्यंत इथे होतेच, माझ्या टीममधल्या मोठ्या वयाच्या माणसांना ते माहीत आहे.

सांजवाराताई, तुमच्या शब्दासाठी महत्त्वाचं पुढे आहे. बॉम्ब का हवा हेही त्यात विचारलं होतं. उत्तर कोरियाला तोंड द्यायला, हे कारण मागे पडलं. आधी आले इतर धोके, म्हणजे मुख्यतः चीन, आणि मग देशाची प्रतिष्ठा. नुसता उत्तर कोरियावर वचक बसवायचा म्हणून नव्हे, जगात दबदबा हवा म्हणूनही. तेव्हा सगळीकडे जरब लिहिलंत तर या लोकांच्या मनातलं निसटेल.

पाटीपेन्सिल
छत्री नव्हे, छत्र. आपल्याकडे 'अण्वस्त्र-छत्र' रूढ आहे आणि ते योग्य आहे. छत्री पावसाची.

हानगांगकाठ
सर, आदर आहे पण इथला माणूस पावसाचीच म्हणतो ना. त्याच्या तोंडी मी छत्र कसं घालू? छत्र म्हटलं की मला छत्रपती आठवतात. आपलं छत्र आपण धरलं म्हणून ते छत्रपती. दुसऱ्याच्या छत्राखाली जो राहतो तो मांडलिक, आणि कोरियन माणसाला नेमकं हेच टोचतं. घरातले वडील गेले की 'छत्र हरपलं' म्हणतो आपण. इथली जी मंडळी अमेरिका उद्या निघून गेली तर काय म्हणून झोपत नाहीत त्यांना हा शब्द लागू पडेल, बाकीच्यांना नाही.

सांजवारा
मांडलिक आणि हरपणं, दोन्ही एकाच शब्दात, हे डोक्यात आलंच नव्हतं. थांबा, लिहून घेते. पण माझा प्रश्न डिटरन्सचा आहे :) आणि अजून एक, 'ओपिनियन पोल'ला मी जनमत चाचणी लिहिलंय, ते ठीक ना?

कुळागर
आमच्या गोव्यात जनमत म्हटलं की 16 जानेवारी 1967 च आठवतो. फूल म्हणजे केंद्रशासित राहायचं, दोन पानं म्हणजे महाराष्ट्रात जायचं. त्याला सगळे ओपिनियन पोल म्हणतात, मराठीत जनमत कौल, पण खरं ते सार्वमत होतं, त्यावर राज्याचं भवितव्य ठरलं. माझ्या आजोबांनी फुलाला मत दिलं आणि त्यांच्या भावाने पानांना, पुढची अकरा वर्षं दोघं एका पंगतीला बसले नाहीत. म्हणून मी म्हणेन चाचणी आणि कौल यांत गल्लत करू नका. हजार माणसांना फोन करून विचारलं तो कौल नव्हे.

कौल म्हणजे देवळात लावतात तो. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आई म्हणते देव खोटं बोलत नाही, पण भटजी गाऱ्हाणं कसं घालतो त्यावर सगळं असतं. 'मुलाला मुंबईला पाठवू का' वेगळं आणि 'मुलाला मुंबईला पाठवलं तर शेत पडीक राहील, तरी पाठवू का' वेगळं.

हानगांगकाठ
अहो हे अगदी तस्संच! सोलमधली एक सरकारी संशोधन संस्था आहे, कोरिया इन्स्टिट्यूट फॉर नॅशनल युनिफिकेशन, ती असंच विचारते. आधी नुसतं, अण्वस्त्रं हवीत का? 2023 मध्ये साधारण 60 टक्के हो. मग सांगते की निर्बंध येतील, अमेरिकेशी युती मोडू शकते, खर्च येईल, तरी हवीत का? की पाठिंबा एकदम खाली येतो. गाऱ्हाणं बदललं.

मोडीवाचक
कुळागर, कौल फक्त देवळातला नाही. जुन्या कागदांत 'कौलनामा' पदोपदी येतो. मुलूख उजाड झाला, रयत पळाली, की सरकार कौल द्यायचं: परत या, गावं वसवा, तुम्हाला उपसर्ग लागणार नाही. अभयपत्रच ते. शब्द अरबीच, 'क़ौल', दिलेला शब्द, वचन.

आता सांजवाराताईंचं वाक्य परत वाचा. विश्वास जरबेवर ठेवता येत नाही, बरोबर, कारण विश्वास ठेवायचाय तो अभयावर. एक्स्टेंडेड डिटरन्समध्ये एकाच बॉम्बने दोन कामं होतात, शत्रूला जरब आणि मित्राला अभय. इंग्रजीने दोन्ही एका शब्दात कोंबली म्हणून तुमचं वाक्य अडलं. जिथे किम जोंग उन आहे तिथे जरब लिहा, जिथे सोलचा माणूस आहे तिथे अभय. 'अमेरिकेने दिलेल्या अभयावर अनेकांचा विश्वास उरलेला नाही.' कुठे अडतंय आता?

दर्यावर्दी
मी अभयाऐवजी धीर म्हणेन, अभय फार देवाचं वाटतं. शत्रूला धाक, मित्राला धीर. ब्रिटनचे एक संरक्षणमंत्री होते डेनिस हीली, साठच्या दशकात. त्यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे की रशियनांना रोखायला अमेरिका उलटून मारेल याची पाच टक्के खात्री पुरते, पण युरोपियनांना धीर द्यायला पंचाण्णव टक्के लागते. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉलनी 1961 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना तेच विचारलेलं, पॅरिससाठी न्यूयॉर्क द्याल का. आज सोलमध्ये तोच प्रश्न, शहरांची नावं तेवढी वेगळी.

जुलै 2023 मध्ये अमेरिकेची केंटकी ही अण्वस्त्रवाहू पाणबुडी बुसानच्या धक्क्याला लागली, तशी पाणबुडी तिथे 1981 नंतर पहिल्यांदाच आली. मी जहाजावर नोकरी केलीय म्हणून सांगतो, या पाणबुडीचं सगळं बळ ती कुठे आहे ते न कळण्यात असतं. शत्रूला धाक हवा असेल तर तिने लपून राहावं. ती वर येऊन बंदरात उभी राहिली ती धक्क्यावरच्या लोकांनी बघावं म्हणून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वॉशिंग्टनचा जाहीरनामा झाला होता, त्यातच असं करायचं ठरलं होतं.

पाटीपेन्सिल
एका पारिभाषिक संज्ञेला दोन प्रतिशब्द द्यायचे हे शास्त्रीय लेखनात चालत नाही. उद्या वाचकाला कळणार कसं की मूळ संज्ञा एकच आहे? भारताच्या 2003 च्या अण्वस्त्र धोरणातलं 'क्रेडिबल मिनिमम डिटरन्स' मग काय लिहाल, 'विश्वासार्ह किमान धाक'? भाषेला शिस्त हवी.

मोडीवाचक
हो, लिहीन. विश्वासार्ह किमान धाक. मोठ्याने म्हणून बघा सर, काय वाईट आहे? निदान माझ्या आईला कळेल की सरकार तिच्या नावाने नेमकं काय करतंय. प्रतिरोधन म्हटलं की तिला लस आठवते.

सेंदाईकर
या आईच्या मुद्द्यावर माझं पूर्ण अनुमोदन. त्या सकाळी फोनवर जे शब्द आले ते शाळकरी पोराला कळतील असे होते, म्हणून मी निदान न्हाणीघरापर्यंत तरी पोचलो. तिथे 'प्रतिरोधन' लिहिलेलं असतं तर?

सांजवाराताई, 'हिबाकुशा'ला, म्हणजे हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बमधून वाचलेल्यांना, काय लिहिलंय? अणुपीडित? अणुग्रस्त? शेजारच्या आजींना पीडित म्हटलेलं आवडलं नसतं. हिबाकुशांच्या संघटनेला, निहोन हिदानक्योला, 2024 चं शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा मराठीत बातम्या आल्या, त्यात 'बचावलेले' होतं. वाचलेले. नुसतं वाचलेले.

सांजवारा
हिबाकुशा तसंच ठेवलंय, तळटीप नाही, पहिल्या वेळी वाक्यातच अर्थ सांगितला. बाबा म्हणतायत धीरच बरोबर, पण मग 'विस्तारित धीर' कसं चालेल, विस्तारितचं काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही. 'उसना धाक'? उसना म्हटलं की परत द्यावा लागतो.

कुळागर
मोडीवाचक, तुमचा कौलनामा पटला पण देवळातला कौलही त्याच अरबी शब्दातून आला असं म्हणायचं असेल तर ते नाही पटत. देवळं त्या अरबी शब्दाच्या आधीची आहेत, तेव्हाही पाकळ्या लावतच असतील ना, मग त्याला काय म्हणत होते? आमच्याकडे 'प्रसाद' म्हणतात, 'प्रसाद घेतला', तो जुना असणार. सिंधुदुर्गातलं कुणी असेल तर सांगा, तुमच्याकडे कौल आणि प्रसाद एकच का वेगळं?

मोडीवाचक
प्रसाद जुना असेल, शक्य आहे. पण तुम्ही छपराचं कौल विसरलात, ते तिसरंच आहे. त्याचा वेगळा धागा काढू का?